उजव्या हाताचा मान

आमच्या स्टुटगार्टच्या बिऱ्हाडाच्या दाराला दर तिसऱ्या आठवड्यास एक लहानशी पाटी येऊन लटकते. ती कोण लावून जातें हें कधीं दिसत नाहीं. सकाळीं कामावर जावयास दार उघडावें, तों मुठीला पाटी हजर! तिचा अर्थ इतकाच कीं, ह्या आठवड्यांत जिना झाडण्याची व पुसण्याची पाळी आमची. आठवडा संपला कीं आपण ती काढावी आणि मुकाट्यानें शेजाऱ्याच्या दाराला अडकवावी. दक्षिण जर्मनींतील ह्या श्वाबेन प्रांतांत ह्या रीतीस 'केअरवोखे', म्हणजे झाडण्याचा आठवडा, असें म्हणतात. रीत कांहीं आजकालची नव्हे. ज्यानें त्यानें आपल्या दारचा उकिरडा दर आठवड्यास बाहेर न्यावा, असें शहराच्या १४९२ सालच्या नियमांत कलम आहे. पुढें १७१४ सालीं ड्यूकच्या सरकारानें रस्ते झाडण्याविषयीं स्वतंत्र हुकूम काढला. नगरपालिकेनें १९८८ सालीं आपल्या बाजूनें ही सक्ती काढून टाकली. पण भाड्याच्या करारनाम्यांतून ती गेली नाहीं, आणि शेजाऱ्यांच्या नजरेंतून तर मुळींच गेली नाहीं.

पुण्यास असतांना आम्हीं केरसुणीस हात लावल्याचें स्मरत नाहीं. घरांत मातोश्री होत्या, पुढें वहिनी आल्या. अंगण झाडलेलें, सडा घातलेला आणि उंबऱ्यापुढें रांगोळी रेखलेली असावयाची, व हें सारें आपोआप होतें असाच आमचा समज असावा. तो समज येथें वरच्या मजल्यावरील आजीबाईंनीं दूर केला. वय वर्षें ८४, कंबरेंत किंचित् वांकलेल्या. आमची पहिली पाळी झाल्यावर त्यांनीं आम्हांस जिन्यांत बोलाविलें, पायरीच्या कोपऱ्यांतून एक बोट फिरविलें आणि तें आमच्यापुढें धरलें. एक शब्द बोलल्या नाहींत. आमच्या सौभाग्यवती दारांत उभ्या राहून हा प्रसंग पाहत होत्या. इतकें समाधान आम्हीं त्यांच्या मुद्रेवर लग्नानंतर क्वचितच पाहिलें असेल. तेव्हांपासून आम्ही कोपरे आधीं झाडतों.

रविवारीं येथें दुकानें बंद असतात. त्या दिवशीं भिंतीस खिळा ठोकूं नये, यंत्रानें गवत कापूं नये, रिकाम्या बाटल्याही सार्वजनिक पेटींत टाकूं नयेत, कारण त्यांचा खळखळाट होतो. पहिल्या वर्षीं ही शांतता आम्हांस खावयास उठे. आतां तीच आमची पुण्याशीं बोलण्याची वेळ होऊन बसली आहे. उन्हाळ्यांत साडेतीन व हिवाळ्यांत साडेचार तासांचें अंतर हिशेबांत धरून आम्ही सकाळीं दहा वाजतां फोनच्या पडद्यापुढें बसतों. तिकडे नानांचें जेवण आटोपून सुपारी कातरणें चाललेलें असतें. पडद्यावर प्रथम त्यांचें कपाळ दिसतें, मग छताचा पंखा, मग पुनः कपाळ. फोन समोर धरा असें वहिनी त्यांस दर रविवारीं सांगतात.

नाना म्हणजे आमचे वडील. एका शाळेंत पस्तीस वर्षें त्यांनीं संस्कृत शिकविलें. वामन शिवराम आपटे यांचा १८९० सालीं निघालेला कोश त्यांच्या टेबलावर पानदानाच्या शेजारीं असतो, आणि दोहोंचा उपयोग सारखाच होतो. आम्ही जर्मनीस निघालों तेव्हां नानांनीं पगाराची चौकशी केली नाहीं, थंडीचीही केली नाहीं. ट्यूबिंगेन तेथून किती लांब, एवढेंच विचारलें. कारण ट्यूबिंगेनास रूडोल्फ रोट होऊन गेले. त्यांनीं ओटो बोटलिंक यांच्या जोडीनें रचलेला संस्कृत-जर्मन कोश सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीनें १८५५ ते १८७५ ह्या वीस वर्षांत सात खंडांत छापून काढला. रोट तेथील विद्यापीठांत अध्यापक होते व ग्रंथपालही होते. नानांच्या आज्ञेवरून आम्ही कन्येस घेऊन ट्यूबिंगेनची यात्रा करून आलों. तिला नदींतल्या लांबोड्या होड्या अधिक आवडल्या, ही गोष्ट आम्हीं नानांस सांगितली नाहीं.

त्याच ग्रंथालयांत हर्मान गुंडर्ट यांचेही कागद आहेत. हा गृहस्थ आमच्या ह्या स्टुटगार्टांतच १८१४ सालीं जन्मला, १८३६ सालीं मिशनरी म्हणून हिंदुस्थानांत गेला आणि वीसांहून अधिक वर्षें तिकडे राहिला. त्यांतलीं बरींच तेलिचेरीस. मल्याळी भाषेचा त्याचा मोठा कोश १८७२ सालीं निघाला, तेव्हां तो परत येऊन येथून पश्चिमेस असलेल्या काल्व गांवीं स्थायिक झालेला होता. कादंबरीकार हर्मान हेसे हा त्याच्या मुलीचा मुलगा. आपल्या धर्माचा प्रचार हा त्याचा हेतु आम्हांस जवळचा वाटण्याचें कारण नाहीं. पण परक्या मुलखांत बिऱ्हाड थाटून तिथल्या बायकापोरांच्या तोंडचे शब्द टिपीत बसलेला मनुष्य म्हणून तो आम्हांस आपला वाटतो. त्याच्या काळीं घरचें पत्र जहाजानें यावयास महिने लागत. पत्रांत वडील बरे आहेत असें वाचावें, आणि तें वाचतेवेळीं वडील आहेत कीं नाहींत हें ठाऊक नसावें! आम्हांस नानांचें कपाळ दर रविवारीं दिसतें. पण नानांस काय दिसतें आणि काय दिसत नाहीं, हें समजावयास आम्हांस वर्षभर लागलें.

तें सांगण्यापूर्वीं मोटारीविषयीं लिहिलें पाहिजे. ह्या शहरांत राहून मोटारीविषयीं न लिहिणें म्हणजे पंढरपुरास जाऊन देऊळ न पाहण्यासारखें आहे. आमचें पोटही तिच्यावरच चालतें. हल्लींच्या मोटारींत लोखंडाबरोबर डझनावारी लहान लहान संगणक असतात, आणि त्यांना लागणाऱ्या आज्ञा लिहिणाऱ्या पुष्कळांपैकीं आम्ही एक. बाजूनें येणारें वाहन चालकाच्या डोळ्याच्या कोपऱ्यांत येण्यापूर्वीं यंत्रानें ओळखावें व इशारा द्यावा, एवढाच आमच्या वांट्याचा तुकडा. युरोपीय संघांत ७ जुलै २०२४ पासून नव्या मोटारींस अशीं कित्येक साधनें सक्तीचीं झालीं आहेत. वेगाची मर्यादा ओलांडली कीं गाडी सुचविते, डुलकी येऊं लागली कीं सुचविते, पुढें अडथळा आला तर आपण होऊन ब्रेक लावते. सासूबाई मागच्या आसनावर कायमच्या येऊन बसल्या आहेत, असें आमचे एक सहकारी म्हणतात.

येथें मर्सिडीज-बेंझ कंपनीचें मोटारींचें संग्रहालय आहे. सध्यांची इमारत २००६ सालीं उघडली. पाळण्यानें एकदम वरच्या मजल्यावर जावयाचें, म्हणजे १८८६ सालांत, आणि मग घसरत्या वाटेनें हळूहळू आपल्या काळांत उतरावयाचें. एका रविवारीं आम्हीं नानांस फोनवरून हें सारें दाखविलें. २९ जानेवारी १८८६ रोजीं कार्ल बेंझनें ज्या गाडीचें पेटंट मागितलें, ती तीन चाकांची होती. पुढें एक चाक, मागें दोन, मधें बसावयास बांक. नाना क्षणभर टक लावून पाहत राहिले आणि म्हणाले, "अरे, ही तर आपली रिक्षा!" आमच्या शेजारीं उभे असलेले दोन जर्मन दचकून वळले.

मग बेर्टा बेंझची हकीकत सांगितली. ह्या बाईनें १८८८ च्या ऑगस्टांत नवऱ्यास न सांगतां दोन मुलांस बरोबर घेऊन मान्हाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत, शंभरावर किलोमीटर, गाडी नेली. वाटेंत तेल संपलें तें वीसलोख गांवच्या औषधाच्या दुकानांतून घेतलें. तेलाची नळी तुंबली ती टोपीच्या टाचणीनें मोकळी केली. नाना ऐकत होते. पडद्यावर भिंत आली, भिंतीवरचा आईचा फोटो आला. "तुझ्या आईनेंही नेली असती," ते म्हणाले. मातोश्रींनीं मोटार शिकण्याचा हट्ट १९९१ सालीं धरला होता, आणि "उद्यां बघूं" म्हणून नानांनीं तो टाळला होता. ह्यावर आम्ही दोघेही कांहीं बोललों नाहीं.

नानांची गाडी म्हणजे पांढरी फियाट, गियरचा दांडा स्टिअरिंगला जोडलेला असलेली. लोकांनीं तीन तीन गाड्या बदलल्या, नानांनीं ही बदलली नाहीं. जुन्या गाडीवरील हरितकरही ते वेळेवर भरतात आणि त्याची पावती आपट्यांच्या कोशांत ठेवतात.

२०२४ च्या आश्विनांत एके रात्रीं दादांचा, म्हणजे आमच्या वडील बंधूंचा, फोन आला. आवाज हळू होता. फाटकास गाडी दोनदां घांसली होती, तें त्यांनीं मनावर घेतलें नव्हतें. पण त्या सकाळीं गल्लीच्या कोपऱ्यावर सायकलवरचा एक मुलगा नानांच्या गाडीस लागून पडला. गुडघा खरचटला, त्यापलीकडे कांहीं झालें नाहीं, मुलगाच "आजोबा, तुम्हांला लागलें का?" म्हणून विचारीत होता. नानांनीं घरीं येऊन अक्षर काढलें नाहीं. तें दादांस वाण्याकडून कळलें. डोळ्यांच्या डॉक्टरांनीं काचबिंदूचें निदान सहा महिन्यांपूर्वींच केलें होतें, आणि थेंब घालण्यापलीकडे नानांनीं त्याची वाच्यता होऊं दिली नव्हती. ह्या रोगाची रीत अशी कीं, तो बहुधा कडेकडेनें दृष्टि खात येतो. समोरचें शेवटपर्यंत दिसत राहतें. कोशांतील बारीक टाइप नाना चष्मा लावून सहज वाचीत, आणि त्यामुळें डोळे शाबूत आहेत असें आम्ही सर्वच समजत होतों.

"तूं सांग. तुझें ऐकतात," दादा म्हणाले. दूरच्या मुलाचा शब्द जड होतो, आणि जवळ राहून औषधपाणी करणाऱ्याचा हलका होतो, हा आमच्या घरांतला जुना अन्याय आहे.

रविवारीं आम्हीं सांगितलें. मुद्दे कागदावर लिहून घेतले होते, हें आतां कबूल करावयास हरकत नाहीं. नानांनीं सारे मुद्दे ऐकून घेतले आणि विचारलें, "माझा परवाना सरकारनें डॉक्टरचा दाखला पाहून पांच वर्षांसाठीं नवा करून दिला आहे. तुझ्याजवळ आहे का तिथला?"

आमच्याजवळ नव्हता. पुण्याचा परवाना येथें बिऱ्हाड केल्यापासून सहा महिनेच चालतो; पुढें लेखी व रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ट्राम घराजवळून जाते ह्या सबबीवर आम्हीं तें काम लांबणीवर टाकलें होतें. दुसऱ्यांच्या गाड्यांस कडेचें पाहावयास शिकविणारा मनुष्य स्वतः कायद्यानें गाडी चालवूं शकत नव्हता! त्याच आठवड्यांत आम्हीं नांव घातलें. डोळे तपासले. प्रथमोपचाराचे नऊ तास भरले. लेखी परीक्षेस तीस प्रश्न असतात, आणि जर्मन येत नसेल तर बारा परकी भाषांपैकीं एक घेतां येते. त्यांत आपली एकही नाहीं, म्हणून इंग्रजी घेतली. ती उतरलों. पंचवीस वर्षें पुण्यांत गाडी हांकलेल्या मनुष्यास रस्त्यावरच्या परीक्षेची काय भीति, असें मनांत म्हणत दुसरीस गेलों.

शेजारीं शिक्षक, मागें परीक्षक, आणि हवेंत धुकें. मोठ्या रस्त्यांवर सारें सुरळीत झालें. मग परीक्षकांनीं एका निवांत वस्तींत वळावयास सांगितलें. तेथें दोन गल्ल्या एकमेकींस छेदतात. दिवा नाहीं, पाटी नाहीं, पांढरा पट्टाही नाहीं. अशा ठिकाणीं येथें एकच नियम: 'रेख्ट्स फोर लिंक्स'. उजवीकडून येणारा आधीं. तो मोठ्या रस्त्यानें आला कीं बोळांतून, त्याची गाडी महाग कीं मोडकी, हें कोणी पाहत नाहीं. तो उजवीकडून आला, म्हणून मान त्याचा. आमच्यापुढें रस्ता मोकळा दिसत होता. आम्ही निघालों. इतक्यांत शिक्षकांनीं आपल्या पायाखालचा ब्रेक दाबला, आणि गाडीच्या नाकावरून एक बाई सायकलवरून निघून गेली. सायकलच्या मागच्या खुर्चींत एक पोर होतें. त्यानें आमच्याकडे वळून पाहिलें. परीक्षक मागून सौम्यपणें म्हणाले कीं, आतां गाडी कडेला घ्यावी. परीक्षा संपली होती.

रात्रीं झोंप येईना, म्हणून आम्हीं आपल्याकडचे नियम काढून पाहिले. हिंदुस्थान सरकारच्या १९८९ सालच्या रस्त्याच्या नियमांतही तेंच कलम होतें: एक रस्ता मुख्य नसेल तेव्हां चौकांत शिरतांना उजवीकडून येणाऱ्या वाहनांस आधीं जाऊं द्यावें. पंचवीस वर्षें आम्हांस हें ठाऊक नव्हतें. ठाऊक असतें तरी पेठांतल्या चौकांत त्याचा काय उपयोग झाला असता, हा प्रश्न वेगळा.

पुढच्या रविवारीं नानांनीं पहिलाच प्रश्न केला, "काय झालें परीक्षेचें?"

"नापास झालों."

"तूं?" शाळेंत आम्ही कधीं नापास झालों नव्हतों, आणि झालों असतों तर काय झालें असतें हें दोघांसही ठाऊक होतें. "कशांत?"

"उजवीकडून एक बाई येत होती. पाहिलीच नाहीं."

सुपारी कातरण्याचा आवाज थांबला. पडद्यावर फक्त कपाळ होतें. मग नानांनीं कधीं नव्हे तो फोन नीट समोर धरला.

"मलाही हल्लीं दिसत नाहीं रे," ते म्हणाले. "रस्ता मोकळा दिसतो, आणि मग मनुष्य एकदम उगवतो. त्या पोराला मीं पाहिलेंच नव्हतें. आवाज झाला तेव्हां कळलें." थोड्या वेळानें म्हणाले, "अक्षरें नीट दिसतात, म्हणून मला वाटलें—" आणि वाक्य तसेंच सोडलें.

आमचा मुद्द्यांचा कागद खिशांतच होता. तो काढण्याचें कारण पडलें नाहीं. ज्या कोपऱ्यावर नजर ठेवावी म्हणून आम्ही दिवसभर यंत्रास पढवितों, तोच कोपरा नानांच्या डोळ्यांतून वर्षभरापूर्वींपासून नाहींसा होत होता, आणि आम्ही त्यांच्या कपाळाकडे पाहून प्रकृति उत्तम आहे असें सौभाग्यवतींस सांगत होतों.

वरच्या आजीबाईंस ही गोष्ट जिन्यांत सांगितली. त्यांनीं आपला परवाना केव्हांच परत केला आहे. ह्या प्रांतांत २०२१ च्या अखेरीस एक सोय निघाली होती: ६५ वर्षांवरील मनुष्यानें परवाना कायमचा परत केला तर बदल्यांत वर्षभराचें आगगाडी-ट्रामचें तिकीट फुकट. आजीबाईंनीं तें घेतलें. खिडकीशीं परवाना देतांना आपण रडलों, असें त्यांनीं सांगितलें. मग घरीं येऊन जिना पुसला, पाळी आपली नसतांना. हें आम्हीं नानांस कळविलें, तेव्हां ते म्हणाले, "बाईनें सौदा चांगला केला. आपल्याकडे काय देणार?" आणि मग आपणच अटी घातल्या. गाडी विकावयाची नाहीं. दर रविवारीं दादांनीं ती सुरू करून ठेवावी. आणि डिसेंबरांत आम्ही येऊं तेव्हां आम्हीं त्यांस वाईस ढोल्या गणपतीच्या दर्शनास न्यावें. किल्ली त्यांनीं आईच्या फोटोखालच्या खिळ्यास अडकविली, असें वहिनींनीं मागाहून सांगितलें. अडकवितांना खिळा चुकला, तो वहिनींनीं दाखविला.

दुसऱ्या खेपेस आम्ही परीक्षा उतरलों. डिसेंबरांत पुण्यास गेलों, तेव्हां नाना उपरणें घेऊन आमच्या आधींच गाडींत बसले होते, डाव्या बाजूस. त्या बाजूस ते कधीं बसले नव्हते. दार आंतून कसें लावावें हें त्यांस ठाऊक नव्हतें. आमचीही तीच गत. गियरचा दांडा आमचा हात भलतीकडेच शोधूं लागला. कन्या मागें बसून मोठ्यानें दुकानांच्या पाट्या वाचीत होती, ह्रस्व-दीर्घासकट, आणि नाना तिच्या चुका काढीत होते.

गल्लीच्या तोंडाशीं आलों. दिवा नाहीं, पाटी नाहीं. आम्ही थांबलों.

"कां थांबलास?" नानांनीं विचारलें.

"उजवीकडून एक मुलगा येतो आहे. सायकलवर."

नानांनीं मान पुरती वळविली आणि तो दिसेपर्यंत तशीच धरली.

"येऊं दे," ते म्हणाले.

मागच्या रिक्षावाल्यानें हॉर्न वाजविण्यास सुरुवात केली.